जवळ पडलेला नाल

चाचणीचे पेपर परत दिले, की एक वाक्य माझ्या कानांवर हमखास येते. कुणीतरी विद्यार्थी टेबलापाशी येतो, आपला पेपर पुढे धरतो आणि आर्जवाने म्हणतो, "सर, उत्तर जवळपास बरोबर आहे हो." त्यावर माझे उत्तरही ठरलेले असते. "जवळपास बरोबर म्हणजे चूक. जिन्याची पायरी जवळपास सापडली, तरी माणूस पडतोच." वर्ग हसतो, बिचारा विद्यार्थी जागेवर जाऊन बसतो आणि मी पुन्हा खडू उचलतो. वीस वर्षांच्या मास्तरकीत हे वाक्य मी इतके वापरले आहे, की आमच्या सौभाग्यवती भाजीवाल्याच्या तराजूपाशीसुद्धा ते मलाच ऐकवतात.

माझी ही खोड यंदाच्या उन्हाळ्यात मोडली. मोडली ती साता समुद्रांपलीकडे, अमेरिकेत, धाकट्या भावाच्या मागच्या अंगणात. आणि कारण झाला घोड्याचा एक नाल. हसू नका. हातातली चकली जरा ताटात ठेवा आणि ऐका.

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगाऱ्यावर लिहावे असा रिवाज आहे. नायगारा मीही पाहिला. पाणी पुष्कळ आहे आणि ते खाली पडते. पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे तीन फूट रुंद आणि चार फूट लांब अशा दोन खड्ड्यांवर. ते खड्डे आम्ही दोघा भावांनी आमच्या हातांनी खणले.

भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. ओहायो राज्यात टोलीडो नावाचे शहर आहे, काचेच्या कारखान्यांमुळे त्याला काचेचे शहर म्हणतात. त्या शहराबाहेर, मक्याची शेते जिथे सुरू होतात तिथे त्याचे घर आहे. सोळा वर्षे तो तिथे आहे. त्यातली शेवटची आठ वर्षे आमची भेट नव्हती. भांडण म्हणावे तर तसेही नाही. दिवाळीला फोन होई, राखीपौर्णिमेला दोघांकडेही बहिणीची राखी पोचे, तब्येतीची विचारपूस होई. पण पहिल्या तीन वाक्यांनंतर दोघेही आपापल्या बायकोच्या हाती फोन देत असू. दोन्ही जावांचे मात्र उत्तम जमे. त्या दोघींनीच संगनमत करून तिकिटे काढली. मी कुरकुर केली तेव्हा ही म्हणाली, "तुम्हाला यायचं नसेल तर राहा. डबा लावून देते. मी जाते." डब्याच्या कल्पनेने मी निमूटपणे व्हिसाच्या रांगेत उभा राहिलो.

पहिले चार दिवस आम्ही दोघे भाऊ हवामानावर बोललो. ओहायोतले हवामान हा तसा मोठा विषय आहे. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी घाम येतो आणि संध्याकाळी वादळाची सूचना येते. तरी चार दिवसांत तो संपला. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी मागच्या ओट्यावर चहा घेत बसलो होतो. तेवढ्यात शेजारच्या अंगणातून आवाज आला. ठण्ण! थोड्या वेळाने पुन्हा, ठण्ण! देवळातली घंटा कुणी सावकाश वाजवावी तसा.

कुंपणापलीकडे पाहतो तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक म्हातारबुवा एकटेच उभे. त्यांनी हातातला लोखंडी नाल मागे झुलवला आणि सोडला. नाल हवेतून सावकाश फिरत गेला आणि चाळीस फुटांवरच्या लोखंडी खुंटाभोवती जाऊन बसला. म्हातारबुवा चालत पलीकडे गेले, नाल उचलले आणि तिकडून पुन्हा इकडे फेकू लागले. त्यांचा जोडीदार कोणी नव्हता. माझ्याकडे लक्ष जाताच त्यांनी नुसता हात हलवून बोलावले. अमेरिकन माणसाने इतक्या कमी शब्दांत बोलावल्याचा तो पहिलाच प्रसंग होता. मी गेलो.

हा खेळ तिकडच्या खेड्यापाड्यांतला. यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ च्या दरम्यान, छावण्यांतले शिपाई घोड्यांचे आणि खेचरांचे टाकलेले नाल घेऊन तो खेळत. पुढे ते घरी गेले आणि खेळ गावोगाव पसरला. कॅन्सस राज्यातल्या ब्रॉन्सन नावाच्या खेड्यात १९१० च्या सुमारास पहिली मोठी स्पर्धा झाली आणि ती फ्रँक जॅक्सन नावाच्या खेळाडूने जिंकली. १९१४ साली त्याच राज्यात खेळाडूंचा संघ स्थापन होऊन नियम ठरले. थोरले जॉर्ज बुश राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी १९८९ साली व्हाइट हाउसच्या आवारातही नालांची खेळपट्टी करवून घेतली होती. टोलीडोपासून मोटारीने फार दूर नाही असे डिफायन्स नावाचे गाव आहे. तिथले ॲलन फ्रान्सिस या खेळाचे वीसहून अधिक वेळा जगज्जेते झाले आहेत. शंभर नाल फेकले तर त्यांचे ऐंशीहून अधिक खुंटाला वेढून बसतात. माझे किती बसतात ते पुढे येईलच.

दोन दिवसांत माझा दहा वर्षांचा पुतण्या हट्ट धरून बसला, की आपल्याही अंगणात असे खुंट हवेत. त्याचे मराठी गोड आहे, पण लिंगविचारात कच्चे. "काका, नाल तो की ती?" त्याने विचारले. मी तोंड उघडले आणि मिटले. कारण आपल्याकडेच कोणी 'घोड्याचा नाल' म्हणतो, तर कोणी 'घोड्याची नाल'. "दोन्ही चालतं," असे मी म्हणालो. माझ्या तोंडून हे वाक्य ऐकून आमची ही पोळ्या लाटता लाटता थांबली.

"करायचे का रे?" मी भावाला विचारले. हवामानाखेरीज मी त्याला विचारलेली ही पहिलीच गोष्ट. तो म्हणाला, "करू. पण आधी फोन करावा लागेल."

मला वाटले, मजुराला फोन. पण नाही. त्या देशात आपल्याच अंगणात आपल्याच कुदळीने खड्डा खणायचा, तर आधी ८११ या क्रमांकाला कळवावे लागते. मग जमिनीखालून ज्यांच्या नळ्या आणि तारा गेल्या आहेत त्यांची माणसे येतात आणि गवतावर रंगाने खुणा करून जातात. पिवळी रेघ गॅसची, तांबडी विजेची, निळी पाण्याची, नारिंगी टेलिफोनची. पैसे पडत नाहीत. दोन दिवसांत आमच्या हिरव्यागार अंगणावर रांगोळी उमटली. आमच्या गल्लीत रस्ता नवा झाला, की आठ दिवसांत कोणीतरी येऊन तो पुन्हा खणतो, हे मी तिथे कुणाला सांगितले नाही. परदेशात देशाची अब्रू राखावी.

मग खेळपट्टी आखली. ज्या वाचकांकडे अंगण शिल्लक आहे त्यांच्यासाठी मापे देतो. दोन खुंटांमधले अंतर चाळीस फूट. खेळपट्टी दक्षिणोत्तर असावी, म्हणजे मावळतीचे ऊन कुणाच्याच डोळ्यांत जात नाही. प्रत्येक टोकाला तीन फूट रुंद, चार फूट लांब आणि आठ इंच खोल असा हौद खणायचा आणि त्याला लाकडी चौकट बसवायची. मधोमध एक इंच जाडीचा पोलादी खुंट. तो जमिनीत इतका खोल ठोकायचा, की मातीच्या वर जेमतेम पंधरा इंच राहावा. शिवाय तो सरळ उभा करायचा नाही. समोरच्या खुंटाकडे त्याचा माथा तीन इंच झुकलेला हवा. दोन्ही खुंट एकमेकांकडे असे थोडे वाकून उभे असतात. बोलणे ऐकू यावे म्हणून दोन माणसे पुढे झुकतात ना, अगदी तशी.

खेळायचे नालही खऱ्या घोड्याचे नसतात. मुद्दाम घडवलेले, अंमळ मोठे आणि चांगलेच वजनदार असतात. नियमाप्रमाणे वजन दोन पौंड दहा औंसांच्या वर जाता कामा नये, म्हणजे साधारण बाराशे ग्रॅम. तोंड साडेतीन इंचांहून रुंद नको. एक इंचाच्या खुंटासाठी साडेतीन इंचांचे दार म्हणजे ऐसपैस झाले, असे मला वाटले होते. चाळीस फुटांवरून त्या दारात शिरायला किती जन्म लागतात ते नंतर कळले.

हौदात भरायची माती हा सर्वांत महत्त्वाचा भाग. वाळू भरली तर नाल घसरतो. कडक जमिनीवर तो टणकन उडतो आणि भलतीकडे जातो. चिकणमाती हवी, तीही ओलसर. ओल्या चिकणमातीत नाल जिथे पडतो तिथेच राहतो. "अशी माती विकत आणावी लागते," भाऊ म्हणाला. शेजारच्या म्हातारबुवांनी मान हलवली आणि आपल्या बुटाची टाच आमच्या अंगणात रोवून दाखवली. ओहायोचा तो सगळा वायव्य भाग म्हणजे पूर्वीची भली मोठी दलदल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतकऱ्यांनी चर खणून आणि मातीच्या नळ्या पुरून ती आटवली आणि शेते केली. वरचे वीतभर गवत आणि काळी माती काढली, की खाली हवी तेवढी चिकणमाती. एका हौदाला आठ घनफूट, दोहोंना सोळा. आमच्या पायांखालीच होती. फक्त खणायची होती.

खणताना माणसाला बोलायला लागत नाही, ही फार सोयीची गोष्ट आहे. तो कुदळ मारी, मी फावड्याने माती ओढी. अर्ध्या तासात माझ्या हाताला फोड आला. तो लपवावा म्हणून मी रुमाल गुंडाळला. त्याने पाहिले आणि काही न बोलता आपले हातमोजे काढून माझ्यापुढे टाकले.

"तुला नकोत?"

"मला सवय आहे. इथं सगळं आपलं आपणच करावं लागतं."

थोड्या वेळाने तोच हसला. "दादा, साताऱ्याला वाड्याच्या मागं आपण विटीदांडूची खळी खणली होती, आठवतं? बाबांची तुळस उपटली गेली होती."

न आठवून कसे चालेल? विटी कोलायची लांबट खळी. विटी पडली, की दांड्याने अंतर मोजायचे. वकट, लेंड, मूंड, नाल... आणि आमचा तंटा सुरू झाला, की पोस्टातून आलेले बाबा सायकल भिंतीला टेकवत, कोट न काढता खाली वाकत आणि स्वतः दांडा घेऊन मोजत. "ओरडू नका. मोजा," एवढेच म्हणत.

"त्यातला नाल म्हणजे हाच का रे, घोड्याचा?" भावाने विचारले. मास्तरला असा प्रश्न म्हणजे भुकेल्यापुढे ताट. मी फावडे टेकवून व्याख्यान सुरू केले. विटीदांडूतली ही मोजणी मुळात मराठी नव्हेच. तेलुगूत एक म्हणजे ओकटि, दोन म्हणजे रेंडु, तीन म्हणजे मूडु आणि चार म्हणजे नालुगु. कानडीतही चाराला नाल्कु म्हणतात. तेव्हा वकट, लेंड, मूंड, नाल म्हणजे एक, दोन, तीन, चार. हे आकडे दक्षिणेकडून विटीबरोबर उड्या मारत आपल्याकडे आले आणि आपण ते न समजता पिढ्यान्‌पिढ्या ओरडत राहिलो. घोड्याचा नाल मात्र पार दुसरीकडचा. तो अरबीतून आला. अरबीत 'नअल' म्हणजे पायातले जोडे. नाल ठोकणारा तो नालबंद, पुढे ते आडनावही झाले. जुगाराच्या अड्ड्यावर मालक जो आपला वाटा काढून घेतो त्यालाही नालच म्हणतात. म्हणजे दोन शब्द, दोन घराणी, रूप मात्र एकच.

"अगदी सख्ख्या भावांसारखे दिसतात," तो म्हणाला.

"पण नात्याचे नाहीत," मी म्हणालो.

"उलटही असतं," एवढे बोलून त्याने पुन्हा कुदळ उचलली. मी गप्प झालो.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तिकडे सैनिकांचा स्मृतिदिन पाळतात. सकाळी लोक थडग्यांवर फुले आणि छोटे झेंडे ठेवून येतात आणि दुपारी अंगणात जेवणावळी होतात. त्या दिवशी आमच्या खेळपट्टीचे उद्‌घाटन ठरले. शेजारचे म्हातारबुवा पंच. त्यांनी नियम सांगितले ते असे. प्रत्येकाने दोन नाल फेकायचे. नाल खुंटाला असा वेढून बसला, की त्याच्या दोन टोकांना टेकवलेली पट्टी खुंटाला लागत नाही, तर तीन गुण. दोघांचाही एकेक नाल असा बसला, तर ते एकमेकांना खोडतात, गुण कुणालाच नाही. आणि कुणाचाच बसला नाही, तर खुंटापासून सहा इंचांच्या आत ज्याचा नाल अधिक जवळ, त्याला एक गुण. एकवीस गुण ज्याचे आधी, तो जिंकला.

"थांबा," मी म्हणालो. "न लागता गुण?"

"जवळ पडला तर," म्हातारबुवा म्हणाले. मग त्यांनी मला त्यांच्याकडची एक म्हण सांगितली. तिचा अर्थ असा, की 'जवळपास' या शब्दाला जगात किंमत आहे ती फक्त नालाच्या खेळात आणि हातबाँबमध्ये. जिन्याच्या पायरीचे माझे वाक्य मी तिथे काढले नाही. पण आमच्या हिने ते इंग्रजीत करून सांगितलेच, आणि म्हातारबुवा खो खो हसले.

फेकण्याची कला सोपी दिसते. नाल कडेने धरायचा, तोंड डावीकडे. हात घड्याळाच्या लंबकासारखा मागे न्यायचा आणि पुढे आणून डोळ्यांच्या उंचीला सोडायचा. नाल आडवा फिरत जातो. हवेत त्याचे बरोबर सव्वा फेरे झाले, की खुंटाशी पोचताना तोंड समोर येते आणि काम होते. एक फेरा झाला तर तोंड डावीकडेच राहते. दीड झाला तर उजवीकडे. सारे मर्म त्या पाव फेऱ्यात आहे. माझा नाल पहिल्या दिवशी कधी पाऊण फेरा घेई, कधी पावणेदोन, आणि एकदा तर तो कुठलाच हिशेब न देता शेजारच्या टोमॅटोंच्या वाफ्यात गेला.

बायकांनी चाळीसऐवजी तीस फुटांवरून फेकायचे असते. आमच्या हिने पदर खोचला, नाल हातात घेऊन तोलला आणि सोडला. ठण्ण! पहिलाच नाल खुंटाला वेढून बसला. सगळे थक्क. "शाळेत रिंग खेळायचे मी," ती शांतपणे म्हणाली. रबरी कड्याचा तो खेळ आपल्याकडे पुष्कळ मुली खेळत. त्याला टेनिकॉइट म्हणतात. त्यातला 'कॉइट' म्हणजे इंग्रजांचा कडी फेकण्याचा जुना खेळ, या नालांचा चुलतभाऊच. लग्नाला अठरा वर्षे झाली, पण बायको शाळेच्या संघात होती हे मला ओहायोच्या अंगणात कळले. जवळपास माहीत असणे आणि माहीत असणे यांत हा असा फरक.

खेळ रंगला. पुतण्या जिंकला, पंच दुसरे आले, आणि आम्ही दोघे भाऊ शेवटच्या दोन क्रमांकांवर अत्यंत चुरशीने लढलो. मग मंडळी आत गेली. तिकडे मेअखेरीस रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असतो. भाऊ म्हणाला, "एक डाव?" आम्ही दोघेच उरलो.

आता ती आठ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायला हवी. बाबा जानेवारीत गेले, एका सोमवारी पहाटे. कळवल्याबरोबर हा तिकडून निघाला. मंगळवारी सकाळी दिल्लीत उतरला आणि तिथे धुक्यात अडकला. विमाने उशिरा सुटत होती. त्याने फोन केला, "दादा, रात्री आठपर्यंत पोचतो. थांब." मी दुपारी तीन वाजता अग्नी दिला. आठ वाजता तो दारात आला. सोप्यावर नातेवाईक बसलेले होते. त्या सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "आलास? सगळं आटोपलं." शब्दांवर पोट भरणारा माणूस मी. त्या वेळी दुसरे शब्द मला सापडले नसते असे नाही.

पहिले दोन नाल त्याने फेकले, दोन्ही लांब पडले. मी नाल हातात घेऊन उभा होतो. तो खुंटाकडे पाहत म्हणाला, "दादा, पाच तास थांबता आलं नसतं?"

या प्रश्नाची उत्तरे माझ्याकडे आठ वर्षे तयार होती. बर्फ वितळत होता. बाबांचे वय झालेले मामा दोन दिवस उपाशी होते. मावळतीनंतर दहन नको असे वडीलधारे म्हणत होते. विमानाचा भरवसा नव्हता. एकही उत्तर खोटे नव्हते. सगळी जवळपास बरोबर होती.

खरे उत्तर वेगळे होते. बाबांच्या आजारपणाची तीन वर्षे मी काढली. दवाखाने, औषधे, रात्रीची जाग्रणे. हा फोनवरून विचारी आणि पैसे पाठवी. त्याच्या पैशांचा मला राग नव्हता, त्याच्या नसण्याचा होता. त्या दुपारी तो राग माझ्या हाताशी होता. त्याला उशीर व्हावा असे मला वाटत होते, आणि तो मी होऊ दिला.

"आलं असतं," मी म्हणालो. "थांबता आलं असतं. मीच थांबलो नाही."

तो बराच वेळ बोलला नाही. दूर कुठेतरी गवत कापायचे यंत्र चालू होते, ते बंद पडले. मग म्हणाला, "आणि मी आदल्या आठवड्यात यायला हवं होतं. तू सांगितलं होतंस, बाबा बरे दिसत नाहीत म्हणून. मला वाटलं, पुढच्या महिन्यात जाऊ." थोडे थांबून म्हणाला, "पण मी निघालो तर होतो ना, दादा? मी वाटेत होतो."

वाटेत होता. धुक्यात, त्या विमानतळाच्या बाकावर, पाच तासांच्या अंतरावर. आठ वर्षे मी त्याच्या नावापुढे भोपळा मांडून बसलो होतो.

"फेक आता," तो म्हणाला. "अंधार पडेल."

मी फेकला. पहिला कुठे गेला कोण जाणे. दुसरा खुंटाच्या अलीकडे ओल्या मातीत फत्‌कन रुतला. दोघे चालत गेलो. मोजण्यासाठी सहा इंचांची लाकडी पट्टी आम्ही कापून ठेवली होती. पण काळोखी दाटत होती आणि मला तो नाल बराच दूर वाटला. "जाऊ दे," मी म्हणालो. "नाही तो सहाच्या आत."

"मोजल्याशिवाय कसं सांगतोस?" तो म्हणाला आणि चिखलात गुडघा टेकून, अगदी बाबांसारखा, खाली वाकला. खुंटापासून नालापर्यंत पट्टी धरली, डोळे बारीक केले आणि वर पाहिले. "पाच. एक गुण तुझा."

तो डाव आम्ही अकरा-नऊवर सोडला. कारण नाल दिसेनासे झाले आणि आतून जेवणाच्या हाका सुरू झाल्या. हौदांवर ओली गोणपाटे घालून आम्ही आत गेलो, नाहीतर ती माती वाळते आणि तडकते. पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी खेळलो. मी एकूण सात वेळा खुंट वेढला. त्यांतले तीन भावाच्या नालांनी खोडले. हवामानावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

निघताना म्हातारबुवांनी मला एक जुना नाल दिला. विमानतळावर तपासणी करणाऱ्याने बॅग उघडली, नाल बाहेर काढला, उलटसुलट पाहिला आणि विचारले, "किती वेळा वेढलात?" मी म्हणालो, "सात." त्याने गंभीरपणे मान डोलावली आणि नाल परत बॅगेत ठेवला.

घरी आल्यावर तो कुठे ठेवायचा यावर चर्चा झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, दाराच्या चौकटीवर ठोका, शनीची पीडा टळते. पण तो घोड्याच्या पायाला कधी लागलेलाच नाही, तेव्हा त्याच्या अंगी तो गुण असेल की नाही याची मला शंका आहे. तूर्त तो माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांवर वजन म्हणून आहे. पंखा कितीही जोरात लावा, एक कागद हलत नाही.

गेल्या महिन्यात पहिल्या चाचणीचे पेपर परत दिले. नेहमीप्रमाणे एक मुलगी टेबलापाशी आली. "सर, उत्तर जवळपास बरोबर आहे." वर्ग जिन्याच्या पायरीची वाट पाहत होता. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणालो, "दाखव. किती जवळ आहे ते मोजू." उत्तर वाचले. मोजले. अर्धा गुण वाढवला.

नाताळात भाऊ सहकुटुंब येतो आहे. पुतण्याला विटीदांडू शिकायचा आहे. साताऱ्याचा वाडा आता नाही, तिथे चार मजल्यांची इमारत आहे. पण आमच्या सोसायटीच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी थोडी जागा आहे. खळी खणायला परवानगी हवी म्हणून चिटणिसांना मी रीतसर अर्ज दिला आहे. पाण्याची नळी कुठून जाते ते त्यांनाही ठाऊक नाही.